कॅमेरा पाहुणा की घरचा?

“कलावंत विकत घेता येतो, कलावंताचा संसार विकत घेता येत नाही!”

रंगनाथ खळदकरांनी हे वाक्य उजवा हात छातीवर ठेवून, ‘संसार’ या शब्दाआधी किंचित थांबून, बाल्कनीतल्या शेवटच्या प्रेक्षकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. बाल्कनीत फक्त टॉवेल वाळत होते. खोलीत फ्रीज होता आणि वाक्य त्यालाच उद्देशून होतं. फ्रीजनं थोडी घरघर केली, मग तोही विचारात पडल्यासारखा गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथरावांनी वाहिनीच्या करारावर सही केली. वाहिनीच्याच पेनानं. पेन परत द्यायचं राहून गेलं.

शैलाताई हे सगळं स्वयंपाकघरातून पाहत होत्या. घेवडा मोडता मोडता नवऱ्याच्या त्या वाक्यावर त्यांना एक फार चांगलं उत्तर सुचलं होतं, पण ते त्यांनी घेवड्याबरोबर कुकरात टाकलं. कारण गेले सात महिने त्या रंगनाथरावांशी बोलत नव्हत्या.

आता नवराबायकोनं एकमेकांशी न बोलणं ही कोथरूडात बातमी होत नाही. पण हे जोडपं साधं नव्हतं. एका दैनंदिन मालिकेत ही दोघं वर्षानुवर्षं आप्पा आणि माई झाली होती. आप्पांनी माईंवर कधी आवाज चढवला नाही, माईंनी आप्पांच्या चहात कधी साखर विसरली नाही. घरोघरच्या सुना सासूसासऱ्यांकडे बघत, मग टीव्हीकडे बघत आणि उसासा टाकत. नवी लग्न झालेली पोरं हिंजवडीच्या कंपनीतून अर्धी रजा काढून यांच्या पाया पडायला येत. मंडईत गवारीचा भाव करायची शैलाताईंना चोरी झाली होती, कारण माई कधी घासाघीस करत नसत.

मग काळ बदलला. वाहिन्यांना शोध लागला की लोकांना आता खोटी माणसं नकोत, खरी हवीत. फक्त ती खरी माणसं प्रसिद्ध असली पाहिजेत. पूर्वी नटाला दुसऱ्याचं सोंग घेण्याचे पैसे मिळत. आता स्वतःचं सोंग घेण्याचे त्याहून जास्त मिळू लागले. आप्पा-माईंची मालिका गुंडाळली गेली आणि तिच्या जागी ‘घरोघरी तारे’ नावाचा कार्यक्रम आला. चार प्रसिद्ध जोडपी, त्यांचीच घरं, घरभर कॅमेरे, आणि कोण खरं आदर्श हे प्रेक्षकांनी एसएमएस करून ठरवायचं.

मालिका संपली तेव्हा कोथरूडातल्या एका सांस्कृतिक मंडळानं खळदकरांना ‘आदर्श दांपत्य’ म्हणून पुरस्कार दिला, आणि अबोला तिथं सुरू झाला. शाली दोन होत्या, नारळ दोन होते, पगडी एकच होती. ती रंगनाथरावांच्या डोक्यावर बसली आणि ते भाषणाला उठले. त्यांनी लेखकाचे आभार मानले. दिग्दर्शकाचे, रंगभूषाकाराचे, सेटवर चहा देणाऱ्याचे आणि त्या संध्याकाळी माइक लावणाऱ्याचे मानले. सोसायटीचे सेक्रेटरी वैजनाथ लिमये यांचेही मानले, कारण त्यांनी एकदा पार्किंगची जागा बदलून दिली होती. मग हात जोडून, गहिवरून “मायबाप रसिकहो!” म्हणाले आणि टाळ्यांच्या कडकडाटात खाली बसले.

शैलाताईंचं नाव त्यात नव्हतं.

त्या शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर नारळ, चेहऱ्यावर हसू. तो फोटो फार छान आलाय. घरी आल्यावर त्या “किल्ली तुमच्याच खिशात आहे” एवढं बोलल्या. नवऱ्याशी बोललेलं ते शेवटचं वाक्य. त्यांनी ठरवून टाकलं: काय राहिलं ते या माणसाच्या आपणहून लक्षात आलं पाहिजे. सुचवायचं नाही, टोमणा मारायचा नाही. मागून घेतलेलं कौतुक म्हणजे उसन्या विरजणाचं दही. लागतं खरं, पण चव शेजारणीची.

रंगनाथराव लक्षात आणण्याचा प्रयत्न करत नव्हते असं नाही. फार विचार करून ते या निष्कर्षाला आले होते की भांडण फ्रीजवरून आहे. त्याच आठवड्यात त्यांनी बायकोला न विचारता जुना फ्रीज एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊन दोन दारांचा नवा आणला होता. तेव्हापासून ते जे काही बोलायचं ते त्या नव्या फ्रीजशी बोलत. दोघेही आरोपी, म्हणून एक जवळीक निर्माण झाली होती.

बाकी घर अगदी सुरळीत चाललं होतं. अबोल्यालाही घराणं असतं. खळदकरांच्या घराण्यात चहा वेळेवर मिळे, रक्तदाबाची गोळी वाटीत काढून ठेवलेली असे, सदऱ्याला इस्त्री असे. बंद होती ती फक्त जीभ. अमेरिकेतल्या लेकीचा, पूर्वाचा, रविवारी फोन आला की दोघं दोन खोल्यांतले दोन फोन उचलत. “पूर्वा, बाबांना विचार, नळवाल्याला सांगितलं का?” हा प्रश्न कोथरूडच्या स्वयंपाकघरातून कॅलिफोर्नियाला जाऊन कोथरूडच्या दिवाणखान्यात येई. उत्तर त्याच वाटेनं परत. “आई, मी इंजिनिअर झाले ती काय तुमचं टेलिफोन एक्स्चेंज चालवायला?” असं पूर्वा म्हणे, पण निरोप पोचवी.

घराण्याचा आणखी एक कडक नियम होता: पाहुण्यांसमोर अबोला नाही. घरातलं घरात. पाहुणा उंबऱ्यात आला की “अहो” आणि “अगं” सुरू होई. तो कप खाली ठेवून उठला की बंद.

मग शैलाताईंनी घरात कॅमेरे येऊ दिले तरी कसे? त्यालाही कारण होतं. करार वाचला होता तो त्यांनीच. रंगनाथरावांनी फक्त सही केली होती. शेवटच्या भागात, थेट प्रक्षेपणात, प्रत्येक नवऱ्यानं ‘कृतज्ञतेचे दोन शब्द’ बोलायचे, असं त्यात होतं. शैलाताईंनी ते कलम दोनदा वाचलं. एकदा चुकला. पुन्हा त्याच जागी उभा केला तर? सबंध महाराष्ट्रासमोर तो आठवतो की विसरतो, एवढंच त्यांना बघायचं होतं. विसरला, तर मग उरलेलं आयुष्य त्यानं फ्रीजशीच संसार करावा.

वाहिनीची माणसं आली. नम्रता गजभिये ही दिग्दर्शिका, मूळची नागपूरची. आणि कॅमेरा धरणारा जयसिंग, लोणी काळभोरचा. भिंतींवर छोटे कॅमेरे बसले, कपड्यांना माइक लागले, वायरी खाली उभ्या केलेल्या व्हॅनमध्ये गेल्या. नम्रता व्हॅनमध्ये कानाला हेडफोन लावून बसली आणि दुपारी घाम पुसत वर आली.

“मॅडम, सकाळपासून एक शब्द नाही! मला वाटलं माइक बिघडले. दोन्ही बदलले मी.”

“माइक चांगले आहेत गं,” शैलाताई म्हणाल्या. “तू लेकीसारखी, घरचीच, म्हणून सांगते. बंद मी आहे.”

नम्रतानं रंगनाथरावांकडे पाहिलं. ते फ्रीजसमोर उभे राहिले. “त्यांना म्हणावं,” ते फ्रीजला म्हणाले, “परका तो पाहुणा. कॅमेरा परका आहे, म्हणजे कॅमेरा पाहुणा आहे. आणि पाहुण्यासमोर बोलायचं, असा या घरचा रिवाज आहे.”

“सर, तुम्ही फ्रीजशी बोलून राहिले?”

“त्याच्याशी नाही. त्याच्या मार्फत.”

“नम्रता,” शैलाताईंनी घेवड्याच्या शिरा काढता काढता निकाल दिला, “ज्याला चहा विचारता येत नाही तो पाहुणा कसला? भिंतीला चिकटलाय तो घरचाच. उद्या गॅस सिलिंडरला मेहुणा म्हणतील.”

यावर दोन्ही बाजूंनी बराच युक्तिवाद झाला; अर्थात एकमेकांशी नाही. लग्नात फोटोग्राफर जेवतो की नाही? जेवतो, पण तो माणूस जेवतो, त्याचा कॅमेरा नाही. मग गणपतीला नैवेद्य दाखवतो, तो कुठं जेवतो? “त्यांना म्हणावं, कॅमेऱ्याची प्राणप्रतिष्ठा करा, मग बघू.” नम्रता या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिली.

“आमच्या नागपुरात, इंदोऱ्यात आईबाबा भांडले ना, तर पार पलीकडच्या जरीपटक्यात ऐकू जाते,” ती म्हणाली. “मग बाबा खाली मान घालून रस्सा आणतात, की झालं. तुम्ही लोक हे काय करून राहिले, मला समजून नाही राहिलं.”

“दमलीस. बस, चहा टाकते,” शैलाताई म्हणाल्या. “तुमच्या त्या कॅमेरावाल्यालाही बोलाव. तो माणूस आहे ना?”

जयसिंग आला, टेकला आणि त्यानं कप हातात घेतला. तेवढ्यात घरात वीज यावी तसा आवाज आला.

“अहो, ऐकलंत का? जयसिंगना खारी द्या ना.”

“अगं देतोय गं राणी. तुझा शब्द कधी खाली पडू दिलाय का मी?”

“इश्श! पाहुण्यांसमोर काय हे!”

नम्रताच्या हातातली खारी चहात पडली. जयसिंगला पोरीच्या शाळेचा फोन यायचा होता, त्यानं घाईनं घोट संपवला आणि कप बशीत ठेवला. खळदकरांचं घर तत्क्षणी बंद झालं. रंगनाथराव ‘राणी’ अर्धवट सोडून वर्तमानपत्राकडे वळले.

नम्रता हुशार मुलगी. तिनं दुसऱ्या चहाला खात्री करून घेतली, तिसऱ्याला वेळ लावली आणि चौथ्याला हुकूम काढला: जयसिंगनं सावकाश प्यायचा. पुढचे काही दिवस खळदकरांचं जे काही संभाषण महाराष्ट्रानं ऐकलं, ते जयसिंगच्या जठराच्या जोरावर.

“म्याडम,” तो एका संध्याकाळी व्हॅनच्या दाराला टेकून म्हणाला, “माझ्या पोटात आता आसिड हाय का चहा हाय, माझं मला कळंना. आवंदा गावच्या जत्रंत चहाचं नाव काढणाऱ्याला मारीन मी.”

आणि गंमत अशी की त्या चहाच्या पेल्यातल्या गोड गप्पा कोणी बघितल्याच नाहीत. ते ‘अगं राणी’ लोकांनी मालिकेत वर्षानुवर्षं ऐकलं होतं. वाहिनीच्या मुंबईच्या साहेबांनी नम्रताला फोनवर झापलं. तेव्हा तिनं रागारागानं, नोकरी गेली तर गेली म्हणून, मधली शांतताच दाखवली. शैलाताई रक्तदाबाची गोळी वाटीत ठेवतात. रंगनाथराव ती घेतात आणि फ्रीजला म्हणतात, “त्यांना म्हणावं, मिळाली.” शैलाताई कढईला म्हणतात, “म्हणावं, पाण्याबरोबर घ्यायची असते.” बास.

घराघरांत लोकांनी रिमोट उचलून आवाज वाढवला. मग लक्षात आलं की आवाज नाहीच. मग लोकांनी आपापल्या घरात बघितलं.

एसएमएसचा पूर आला. मुंबईतलं एक नाचणारं जोडपं दर भागात ताटल्या फोडत होतं, पण लोक म्हणू लागले की ताटल्या भाड्याच्या वाटतात. खळदकरांचा अबोला मात्र अस्सल होता. आप्पांनी आधी बोलावं असं वाटत असेल तर ‘ए’, माईंनी असं वाटत असेल तर ‘बी’. हिंजवडीच्या एका कंपनीत जेवणाच्या सुट्टीत टीम आप्पा आणि टीम माई वेगवेगळ्या टेबलांवर बसू लागल्या आणि निरोप ईमेलनं पाठवू लागल्या. मंडईत गवारवाली शैलाताईंच्या पिशवीत मूठभर जास्त टाकून म्हणाली, “माई, अजिबात बोलू नका. बघतेच कसा बोलत न्हाई त्यो!” शैलाताईंना कितीतरी वर्षांनी त्या दिवशी गवारीचा भाव करता आला.

सेक्रेटरी वैजनाथ लिमये तेवढे आधी तक्रार घेऊन आले. व्हॅन पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये होती.

“शैलाताई, मिटणार कधी हे?”

“भांडण, का व्हॅनचं?”

“भांडण तुमचा खाजगी प्रश्न आहे. मी व्हॅनबद्दल बोलतोय.”

पण पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या हॉलमध्ये मोठा पडदा लागला. लिमये पुन्हा आले, या वेळी आवाज खाली आणून. “मिटवत असाल तर शेवटच्या रविवारच्या आधी मिटवू नका. हॉलमध्ये खुर्च्या सांगितल्यात.”

अबोल्याचं कारण काय, यावर मात्र महाराष्ट्र चाचपडत होता. कोणी म्हणालं सासू, कोणी म्हणालं दुसरी नटी. शेवटी रंगनाथरावांनीच उलगडा केला. कॅमेऱ्यासमोर एकटे बसून, घशात आवंढा आणून त्यांनी कबुली दिली: “होय, चूक माझी आहे. जो फ्रीज तिनं इतकी वर्षं पुसला, तो मी तिला न विचारता घराबाहेर काढला. मला त्याची शिक्षा मिळते आहे, आणि ती योग्य आहे.”

हे सांगताना ते खरोखर रडले. रडणं त्यांना येत होतंच, पण या वेळी ते थांबवता येईना. महाराष्ट्रही रडला. वाहिनीनं बुधवार पेठेतल्या त्या दुकानदाराचं गोदाम पालथं घातलं आणि जुना फ्रीज शोधून काढला. टेंपोतून, झेंडूच्या माळा घालून, ताशाच्या गजरात तो सोसायटीत आला. लिमयांनी लिफ्ट वापरायला खास परवानगी दिली. जयसिंग मात्र कॅमेरा खांद्यावर घेऊन, ताशेवाल्यांच्या पुढं उलटा चालत जिन्यावरून वर आला.

रंगनाथरावांनी जुना फ्रीज नव्याच्या शेजारी उभा करवला आणि नव्याला म्हणाले, “त्यांना म्हणावं, आणलाय परत.”

शैलाताईंनी दार उघडलं. आत कोणाचा तरी वाळलेला लिंबू होता. त्यांनी तो बाहेर काढला, दार लावलं आणि त्यांचे डोळे भरून आले. जयसिंगनं ते डोळे पडदाभर दाखवले. सबंध महाराष्ट्राला वाटलं, माई विरघळल्या. शैलाताईंना वाटत होतं, आठ महिने डोकं खाजवून या माणसाला आठवला तो फ्रीज.

त्या संध्याकाळी नम्रता बाल्कनीत आली. तिनं आधी शैलाताईंच्या पदराचा माइक काढून बंद केला, मग स्वतःच्या मोबाइलची बॅटरीसुद्धा काढून ठेवली.

“मॅडम, फ्रीज नाही ना?”

शैलाताईंनी टॉवेलाची घडी घातली. मग सांगितलं. पुरस्कार, पगडी, आभार, सगळं. आणि त्याच्यामागचं, जे पूर्वालाही धड माहीत नव्हतं, तेही.

“हे नट म्हणून मोठे, पण पाठांतर नाही गं. पहिल्यापासून. नाटकाच्या दिवसांत मी रोज विंगेत उभी राहायचे, डाव्या अंगाला. माझं स्वतःचं काम तिसऱ्या अंकात असायचं, पण मी पहिल्या घंटेपासून तिथं. हे अडले की डावीकडे एक कटाक्ष टाकायचे. लोकांना वाटायचं, काय पॉझ घेतला! तेवढ्यात मी शब्द सोडायचे. त्या पॉझवर अग्रलेख आलेत.” त्या हसल्या. “एवढ्या वर्षांत मी त्यांना पडू दिलं नाही. आणि ज्या भाषणात माझं नाव यायचं, तेवढं एकच मला सांगता येईना. स्वतःचं नाव स्वतः कसं पुरवायचं?”

नम्रतानं दोरीवरचा टॉवेल काढून शैलाताईंच्या हातात दिला. नागपूरच्या मुलीला नुसतं ऐकून घेणं जड गेलं.

“मी सरांना नुसती हिंट देते. एक शब्द.”

“दिलीस, तर तुझ्याशीही अबोला.”

“मॅडम, पण रविवारी पुन्हा विसरले तर? लाइव्ह आहे.”

“म्हणून तर बघायचंय,” शैलाताई म्हणाल्या, आणि माइक परत पदराला लावून घेतला.

शेवटचा रविवार. सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्या भरून लोक जिन्यावर बसले होते. वर दिवाणखान्यात सोफ्यावर दोघं. प्रकाश कसा पडतो ते बघून वाहिनीच्या माणसांनी शैलाताईंना उजवीकडे बसवलं होतं. नम्रता खाली व्हॅनमध्ये. जयसिंग समोर, कॅमेरा खांद्यावर. त्याच्या चहाचा कप पालथा घालून बशीत ठेवलेला होता. शैलाताईंनी तो मुद्दाम बघून घेतला. म्हणजे घरात आता पाहुणा नव्हता. आता जे बोललं जाईल ते खरं.

रंगनाथराव उठले. हात जोडले. आवाज लावला.

त्यांनी वाहिनीचे आभार मानले. नम्रताचे मानले. जयसिंगचे आणि त्याच्या पचनशक्तीचे मानले. एसएमएस करणाऱ्या रसिकांचे, टेंपोवाल्याचे, बुधवारातल्या दुकानदाराचे मानले. वैजनाथ लिमयांचे मानले, त्याबरोबर खाली हॉलमध्ये टाळ्या पडल्या, त्या वर ऐकू आल्या. शैलाताई एकेक नाव मोजत होत्या. तीच चाल, तेच शब्द, फक्त पगडी नव्हती.

“आणि,” रंगनाथराव म्हणाले. “आणि…”

ते अडले.

हा पॉझ नव्हता. शैलाताईंना पॉझ आणि अडणं यातला फरक झोपेतही कळला असता. कपाळावर ती ओळखीची बारीक शीर उमटली. शब्द गेला होता. शैलाताईंच्या ओठांना आपोआप हालचाल झाली. इतक्या वर्षांची सवय, घशाशी शब्द येऊन उभा. एक अक्षर सोडलं असतं तरी माणूस वाचला असता. त्यांनी सोफ्याचा हात घट्ट धरला आणि ओठ मिटून घेतले.

खाली व्हॅनमध्ये नम्रतानं हेडफोन दोन्ही हातांनी दाबला. महाराष्ट्रानं पुन्हा आवाज वाढवला.

रंगनाथरावांनी डावीकडे कटाक्ष टाकला.

डावीकडे खिडकी होती. खिडकीत कोणी नव्हतं. ते तसेच बघत राहिले. बराच वेळ. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा नट हळूहळू उतरला आणि खाली एक साधासा, गोंधळलेला म्हातारा राहिला.

“त्या पुरस्काराच्या दिवशीही मी इकडंच बघितलं होतं,” ते खिडकीला म्हणाले. मग सावकाश वळले. “तू उजवीकडे बसली होतीस. शैला, मंडळाच्या लोकांनी तुला उजवीकडे बसवलं होतं.”

शैलाताईंनी सोफ्याचा हात सोडला.

“तुझं नाव मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं मी. टाळी मोठी पडते म्हणून.” त्यांचा आवाज आता दुसऱ्या रांगेलाही ऐकू गेला नसता. “शेवटाला आलो आणि गेलं. डावीकडे बघितलं, तर तिथं मंडळाचे खजिनदार. मग घाबरलो, आणि ‘मायबाप रसिकहो’ म्हणून बसलो. आणि घरी येईपर्यंत, खरं सांगतो, विसरल्याचंही विसरलो. तो फ्रीज नाही ना गं कारण?”

शैलाताईंनी नाही म्हणून मान हलवली.

“मला आपलं वाटलं, फ्रीज.” त्यांनी डोळे पुसले, वाईट पुसले, नटाला न शोभतील असे. “मला काही येत नाही शैला. माझे सगळे शब्द तुझ्याकडूनच आलेत. आभार मानायचे तर तेही आधी तुलाच विचारावे लागतील.”

जयसिंगच्या खांद्यावरचा कॅमेरा किंचित हलला. त्याला नाक ओढायचं होतं. खालच्या हॉलमध्ये लिमयांनी खुर्चीवर उभं राहून सगळ्यांना “शू!” केलं. हिंजवडीत रविवारीही कंपनीत जमलेल्या टीम आप्पा आणि टीम माई एका टीव्हीसमोर आल्या. मुंबईच्या साहेबांनी जाहिराती थांबवल्या. अशी गोष्ट वाहिनीच्या इतिहासात झाली नव्हती. कॅमेरा हळूहळू शैलाताईंच्या चेहऱ्यावर आला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ओठ उघडत होते. आठ महिन्यांनंतरचं पहिलं खरं वाक्य. महाराष्ट्र श्वास धरून बसला.

शैलाताईंनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं. मग पुढं झुकून, त्याच जुन्या विंगेतल्या, फक्त त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात, जो पदराच्या माइकनं घरोघर पोचवला, त्या म्हणाल्या:

“अहो, सदऱ्याची बटणं एक घर चुकलीयत. तेवढी नीट लावून घेता का?”